‘युरिडिसी’चे बुडणे : एका धर्मगुरूची कविता आणि एक अवघड प्रार्थना

इंग्लिश येशूसंघीय कवी म्हटले की मराठी ख्रिस्ती वाचकाच्या मनात प्रथम फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव येते, आणि ते यावे हे योग्यच आहे. १५७९ साली शिडाच्या जहाजातून लिस्बनहून गोव्यास आलेल्या या धर्मगुरूंनी त्या प्रवासाचे वर्णन करणारे पत्र आपल्या वडिलांना धाडले आणि पुढे १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ आपल्या भाषेच्या ओटीत घातले. त्याच देशातील आणि त्याच संघातील दुसरे एक कवी मात्र आपल्याकडे महाविद्यालयांतील इंग्रजीच्या वर्गांबाहेर फारसे पोहोचले नाहीत. फादर जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स हे ते कवी होत. त्यांचा जन्म १८४४ चा, मृत्यू १८८९ चा. आणि त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले ते १९१८ साली, मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी, तेही त्यांचे कविमित्र रॉबर्ट ब्रिजेस यांनी हस्तलिखिते जपून ठेवली म्हणून.

हॉपकिन्स यांनी जहाजांच्या नाशावर दोन कविता लिहिल्या. पहिली ‘द रेक ऑफ द डॉइचलँड’. १८७५ च्या डिसेंबरात त्या जर्मन आगबोटीवर पाच फ्रान्सिस्कन धर्मभगिनी बुडाल्या; धर्मविरोधी कायद्यांमुळे त्यांना मायदेश सोडावा लागला होता. त्या कवितेची कीर्ती मोठी आहे आणि तिच्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. दुसरी ‘द लॉस ऑफ द युरिडिसी’. ही १८७८ ची, चार चार ओळींच्या तीस कडव्यांची, आणि पहिलीच्या सावलीत वाढलेली. येशूसंघाच्या ‘द मंथ’ या मासिकाने पहिली छापली नाही, दुसरीही छापली नाही. समीक्षकही बहुधा तिच्याकडे धाकट्या बहिणीकडे पाहावे तसे पाहतात.

आम्ही येथे या धाकट्या बहिणीविषयी लिहीत आहोत. काव्यगुणांत ती थोरलीच्या बरोबरीची आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु थोरल्या कवितेतील धर्मभगिनी ‘आपल्या’ होत्या, श्रद्धेसाठी देशोधडीला लागलेल्या होत्या. त्यांच्या मरणात साक्षीचे तेज पाहणे भाविक कवीला कठीण नव्हते. ‘युरिडिसी’वरील खलाशी मात्र कॅथलिक ख्रिस्तसभेबाहेरचे, एखाद्या सामान्य रविवारी, कोणतीही साक्ष न देता, काहीजण झोपेतच बुडालेले. अशांसाठी धर्मगुरूने देवापाशी काय मागावे? ही कविता या प्रश्नापाशी येऊन उभी राहते, आणि तो प्रश्न आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आजही विचारला जातो.

प्रथम जहाजाविषयी. ‘युरिडिसी’ हे इंग्लंडच्या राजनौदलाचे लाकडी शिडाचे जहाज, पोर्टस्मथच्या गोदीत बांधलेले. १६ मे १८४३ रोजी ते पाण्यात सोडण्यात आले. सव्वीस तोफांच्या या जहाजाचा आराखडा अ‍ॅडमिरल सर जॉर्ज एलियट यांचा. जहाज वेगवान असावे, पण उथळ पाण्यातही चालावे, अशी त्यामागील कल्पना होती. म्हणून त्याचा तळ पाण्यात फार खोल जात नसे आणि डोलकाठ्यांवरचा शिडांचा पसारा मात्र मोठा होता. या रचनेतच त्याचे वैभव होते आणि धोकाही होता. ज्यांना होडीची सवय आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही: वर जितके कापड अधिक आणि खाली जितके पाणी कमी, तितके वाऱ्याच्या एका अनपेक्षित धक्क्यात नाव कलण्याचे भय अधिक.

१८६१ पासून हे जहाज बंदरात नांगरून नवशिक्यांच्या शिक्षणासाठी वापरले जात होते. तोवर काळ पालटला होता. लोखंड आणि वाफ यांचे राज्य सुरू झाले होते. तरी खरा खलाशी शिडांच्या दोरांवरच घडतो, ही नौदलाची श्रद्धा कायम होती. १८७७ साली जुन्या जहाजाची डागडुजी झाली, त्याला पुन्हा खोल समुद्रात जाण्यायोग्य करण्यात आले, आणि कॅप्टन मार्कस हेअर यांच्या हाती ते सोपविण्यात आले. नोव्हेंबरात ते तरुण खलाशांना घेऊन वेस्ट इंडीज बेटांकडे आणि बर्म्युडाकडे गेले. ६ मार्च १८७८ रोजी ते बर्म्युडाहून परतीच्या वाटेला लागले. तो भस्माचा बुधवार होता.

अटलांटिक महासागर त्याने वेगाने आणि सुखरूप पार केला. २४ मार्चच्या दुपारी, उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी, ते आइल ऑफ वाइट या बेटाच्या दक्षिण कडेने चालले होते. पोर्टस्मथ आता काही तासांवर होते. आकाश स्वच्छ होते, शिडे पूर्ण उभारलेली होती, आणि जहाजात हवा खेळावी म्हणून तोफांच्या खिडक्यांची वरची झडपे उघडी होती. बेटावरच्या उंच टेकड्यांआडून हिमवादळ येत होते, ते जहाजावरून दिसले नाही. चारच्या सुमारास ते टेकडीवरून एकदम खाली कोसळले. जहाज एका अंगावर कलले, उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले, आणि काही मिनिटांत सगळे संपले. जहाजावर तीनशेहून अधिक माणसे होती. ‘एम्मा’ नावाच्या एका लहान जहाजाने पाचजणांना पाण्याबाहेर काढले. त्यांपैकी बेंजामिन कडिफर्ड आणि सिडनी फ्लेचर हे दोघेच वाचले. पोहता येणारेही बर्फाळ पाण्यात गारठून गेले.

विन्स्टन चर्चिल तेव्हा तीन वर्षांचे होते आणि त्याच बेटावर व्हेंटनर गावी राहत होते. शिडे फुलवून चाललेले एक देखणे जहाज आपण कड्यावरून पाहिले, आणि पुन्हा तेथे गेलो तेव्हा पाण्यावर केवळ तीन काळ्या डोलकाठ्या दिसल्या, अशी आठवण त्यांनी १९३० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

हॉपकिन्स त्या वेळी तेहतीस वर्षांचे होते. २३ सप्टेंबर १८७७ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली होती. म्हणजे बरोबर सहा महिने झाले होते. ते चेस्टरफील्डजवळच्या माउंट सेंट मेरीज या येशूसंघाच्या विद्यालयात होते. तेथील धुराटलेल्या हवेत आपली कविता रुसून बसली होती, ‘युरिडिसी’च्या बातमीने ती हलली, अशा आशयाचे त्यांनी ब्रिजेस यांना कळविले. नवा धर्मगुरू, उपवासकाळ, आणि तीनशे अकाली मृत्यू. कवितेची भूमी ही अशी आहे.

कवितेच्या पहिल्याच कडव्यात कवी देवाला उद्देशून बोलतो: प्रभो, हे जहाज तुझ्या काळजीचा विषय होते. पाठोपाठ आकडा येतो, तीनशे. पण तो माणसांचा म्हणून येत नाही, जिवांचा म्हणून येतो. तिसऱ्या कडव्यात कवी विचारतो की या जहाजाला आपल्या पोटातल्या मालाचा गर्व होता काय, गाठोड्यांचा की सोन्याच्या लगडींचा? आणि उत्तर देतो की त्याचा माल म्हणजे पोरे आणि माणसे, तेच त्याचे धन.

या ओळींचे खरे वजन कळण्यासाठी एक गोष्ट ठाऊक असावी. कवीचे वडील मॅन्ली हॉपकिन्स यांचा व्यवसायच सागरी विम्याचा होता. जहाज बुडाले अथवा मोडले की कोणाचे किती नुकसान झाले आणि ते कोणी किती सोसावे याचा हिशेब ते करीत, आणि या विषयावर त्यांनी ग्रंथही लिहिले होते. ज्या घरात बुडालेल्या जहाजाची किंमत रोज पौंडांत मोजली जात होती, त्या घरातील मुलगा आता धर्मगुरू होऊन तोच हिशेब दुसऱ्या वहीत मांडतो आहे. वडिलांच्या वहीत जहाज आणि माल यांची नोंद असे. मुलाच्या वहीत फक्त आत्म्यांची आहे. ओकच्या लाकडाचा इंग्रज नौदलाला मोठा अभिमान होता. हॉपकिन्स यांनी तो शब्द लाकडाला न देता बुडालेल्या खलाशांच्या काळजांना दिला आहे.

वादळाचे वर्णन हा या कवितेचा सर्वांत जिवंत भाग आहे. कवी सांगतो की अटलांटिकच्या तुफानाने किंवा बिस्केच्या उपसागरातील लाटेने हे जहाज घेतले नाही. घर हाताशी आले होते आणि घाव आला तो जमिनीकडून. मग तो त्या निळ्या मार्चच्या दिवसाला तोंडावर खोटारडा म्हणतो. वादळ कॅरिसब्रुकच्या किल्ल्यावरून अ‍ॅपलडरकोमवर, तेथून व्हेंटनरजवळ, आणि बोनिफेसच्या टेकडीवरून समुद्रावर अशी त्याची वाट तो एकेका ठिकाणाचे नाव घेत दाखवितो. आमच्या पाचूबंदर-उत्तनकडील वाचकांना या ओळी विशेष कळतील. जमिनीवरून वाहणारा मतलई वारा हा किनाऱ्यावरच्या माणसाचा सोबती. होड्या त्याच्या आधाराने बाहेर पडतात. सोबती म्हणून ज्या दिशेवर विसंबावे तीच दिशा वैरी होते, आणि तेही घर दिसू लागल्यावर, हे या घटनेतील क्रौर्य कवीने नेमके पकडले आहे.

त्यांच्या छंदाविषयी थोडे सांगितले पाहिजे. हॉपकिन्स ओळीतील अक्षरे मोजत नाहीत, आघात मोजतात. दोन आघातांमध्ये हलकी अक्षरे कमी आली किंवा अधिक आली तरी चालतात. इंग्रजी वाचक याने बिचकले. ओवी ऐकत वाढलेल्या मराठी कानाला त्याचे एवढे नवल वाटू नये, कारण ओवीचा चरणही अक्षरांच्या संख्येने जखडलेला नसतो. म्हणणाऱ्याच्या श्वासावर तो लांबतो आणि आखडतो. या मोकळ्या चालीमुळे जहाज कलताना ओळही कलते, आणि फ्लेचर पाण्याखाली ओढला जाऊन वर येतो तेव्हा ओळीलाही धाप लागते.

पण याच ठिकाणी आम्हांला पहिला दोष दिसतो. यमक जुळविण्यासाठी कवी कधी शब्द मध्येच तोडतो, तर कधी एका ओळीचे यमक पुढच्या ओळीच्या पहिल्या ध्वनीची उसनवारी करून पुरे करतो. हे मोठ्याने म्हटले तर खटकत नाही असा त्यांच्या चाहत्यांचा दावा आहे. काही ठिकाणी तो खरा आहे. परंतु काळे वादळ झेपावते आहे त्याच क्षणी वाचकाचे लक्ष यमकाच्या कसरतीकडे जावे, हे आमच्या मते योग्य नाही. मयताच्या घरी मोठ्या आवाजात केलेली हुशारी जशी नकोशी होते, तसेच हे आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे, आणि तो केवळ काव्याचा नाही. वादळ येते तेव्हा कवी म्हणतो की जहाज गर्विष्ठ होते, फार गर्विष्ठ. त्याने केवढी शिडे मिरविली! शिडे उतरवा, असे ओरडेपर्यंत वेळ टळून गेली होती. येथे गर्व हा शब्द शिडांच्या डौलाला शोभतो, यात शंका नाही. पण धर्मगुरूच्या तोंडी तो आला की त्याला पापाचा वास येतो. वस्तुस्थिती अशी की नौदलाच्या न्यायासनाने त्याच वर्षी या घटनेची चौकशी केली आणि कॅप्टन हेअर यांच्यावर किंवा अन्य कोणावर ठपका ठेवला नाही. अचानक आलेले दाट हिमवादळ, ते दिसू न देणारी जवळची उंच जमीन, आणि उघड्या झडपांतून शिरलेले पाणी, ही कारणे त्याने नोंदविली. आणि तोवरची हवा पाहता ती झडपे उघडी असणे हे रीतीला धरूनच होते असेही म्हटले.

कवीला झडपे दिसली नाहीत असे नव्हे. त्याच खिडक्यांतून मृत्यू कसा आत धावला आणि माणसे बसत-जेवत तेथवर कसा पोहोचला, हे त्याने विलक्षण शब्दांत सांगितले आहे. पण ती झडपे उघडी का होती, असा पसारा असलेल्या जहाजावर शिकाऊ पोरांना का पाठवावे, हे प्रश्न त्याच्या मनाला शिवत नाहीत. जहाज बुडते न बुडते तोच तो एका खलाशाच्या देखण्या प्रेताकडे वळतो, आणि तेथून संपूर्ण इंग्लंड देश श्रद्धेपासून तुटून कसा बुडत चालला आहे या शोकाकडे जातो. जहाज मागे पडते आणि त्याचा दृष्टान्त होतो.

नौदलानेही फार मोठा धडा घेतला नाही. ‘युरिडिसी’च्या जागी तितकेच जुने, १८४४ साली पाण्यात सोडलेले ‘जुनो’ हे जहाज ‘अटलांटा’ असे नाव देऊन शिक्षणासाठी पाठविण्यात आले. ३१ जानेवारी १८८० रोजी तेही बर्म्युडाहून निघाले आणि सुमारे २८० माणसांसह कायमचे नाहीसे झाले. हा दोष कवीच्या माथी मारता येणार नाही. तरीही आम्ही जे व्यासपीठावरून बोलतो, त्या सर्वांना येथे एक इशारा आहे. अपघात झाला की त्यातून बोध काढण्याची आम्हांला फार घाई असते. शिलोहाचा बुरूज कोसळून अठराजण मेले तेव्हा, ते इतरांहून अधिक पापी होते असे समजू नका, हे प्रभूने स्वतः बजावले आहे. बुरुजाचे दगड कोणी आणि कसे रचले होते हे पाहणे हेसुद्धा मृतांविषयीचे कर्तव्यच असते.

आता आम्ही कवितेच्या मर्माकडे येतो. किनाऱ्याला लागलेले एक प्रेत कवी पाहणाऱ्यांच्या साक्षीवरून डोळ्यांपुढे आणतो. उन्हावाऱ्याने रापलेली कातडी, दोर ओढून गाठाळलेली बोटे, त्या स्नायूंत झोपी गेलेले मैलोगणती समुद्राचे ज्ञान. हा कोणी संत नव्हे, हुतात्मा नव्हे. आपले काम नीट शिकलेला एक तरुण. कर्तव्याने त्याला ताणले आणि त्या ताणातूनच त्याचे सौंदर्य आले, असे कवी म्हणतो. श्रमाच्या देहाचा इतका आदर त्या काळच्या भक्तिकाव्यात आम्हांला क्वचितच आढळला आहे.

आणि मग कवीचा बांध फुटतो. इंग्लंडमधील पडकी तीर्थस्थाने, लुटलेली मंदिरे यांचे दुःख एक वेळ गिळता येईल, तो म्हणतो. पण ही श्वास घेणारी मंदिरे, हे जिवंत देह, हे सारे ख्रिस्ताविना नाश पावले याचे काय करू? माझ्या धन्याने हे कसे सोसले? ज्या देशातील भोळी माणसे एके काळी आकाशगंगेला वॉल्सिंगहॅमच्या मातेकडे जाणारी वाट म्हणत, त्या देशाची ही गत का व्हावी? वॉल्सिंगहॅमचे तीर्थस्थान १५३८ साली उद्ध्वस्त करण्यात आले होते. फादर स्टीफन्स यांनी ज्या इंग्लंडचा निरोप घेतला त्यातही ते उरले नव्हते.

आजचा वाचक या कडव्यांपाशी अडखळतो, आणि त्याने अडखळावे हे बरेच आहे. बुडालेले बहुतेक खलाशी अँग्लिकन घरांतील, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेले, प्रभूची प्रार्थना शिकलेले. त्यांना ‘ख्रिस्ताविना’ म्हणणे आज आम्हांला सहन होत नाही. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने एकाच दिवशी तीन दस्तऐवज प्रसृत केले; त्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या आदेशाने अशा बंधूंशी असलेले आपले खरे नाते मान्य केले. आणि ‘लुमेन जेन्सियुम’ने सांगितले की स्वतःच्या दोषावाचून ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाला शोधतात आणि विवेकबुद्धीला अनुसरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. हॉपकिन्स यांच्या काळीही दार अगदी बंद नव्हते. १८६३ साली पोप नववे पायस यांनी, निर्दोष अज्ञानात असलेल्यांविषयी असाच आशेचा उच्चार केला होता. पण तो उच्चार त्या काळच्या प्रवचनांत क्वचितच ऐकू येई.

तरीही कवीला कठोर म्हणून बाजूला सारण्यापूर्वी त्याचे घर पाहावे. १८६६ साली त्याने कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला तेव्हा त्याचे आईवडील अत्यंत दुःखी झाले. ते अँग्लिकनच राहिले. म्हणजे ख्रिस्तसभेबाहेरची माणसे हा या धर्मगुरूच्या दृष्टीने पुस्तकी प्रश्न नव्हता. ज्या आईच्या मांडीवर तो प्रार्थना शिकला ती बाहेर होती, ज्या वडिलांच्या हिशेबाच्या वह्या त्याने लहानपणी पाहिल्या ते बाहेर होते. कवितेत त्यांचे नाव नाही. पण आपल्या जन्माच्या माणसांसाठी आपण रात्रंदिवस झुरतो, असे तो म्हणतो तेव्हा ते दूरच्या खलाशांपुरते म्हटलेले आहे असे आम्हांला वाटत नाही.

शेवटच्या चार कडव्यांत ही कविता आपल्या सर्व दोषांहून मोठी होते. कवी आता आयांकडे, बायकांकडे, वाग्दत्त वधूंकडे वळतो. रडा, तो सांगतो. रडून काही लाभ नाही, तरी खऱ्या प्रेमाने जे अश्रू ढाळावेत ते ढाळा. आणि मग मेघगर्जनेचा स्वामी जो ख्रिस्त, त्याच्यापुढे गुडघे टेका. त्यांच्या ओठी तो जी प्रार्थना देतो ती विलक्षण आहे. माझ्या माणसाला वाचव, एवढेच ती बाई म्हणत नाही. ती म्हणते: प्रभो, आज मी जे मागते आहे ते तू त्या दिवशीच, त्या भयंकर घटकेलाच, ऐकलेले असू दे, ज्या क्षणी त्याला कृपेची गरज होती त्याच क्षणी ती दिलेली असू दे.

मागणे आज आणि दान काल, हे कसे व्हावे? पण देवाला आज आणि काल नाहीत, हे आपण लहानपणापासून शिकत आलो आहोत. सर्व काळ ज्याच्यापुढे एकदम उघडा आहे, त्याला विधवेची उद्याची प्रार्थना बुडणाऱ्याच्या आजच्या श्वासाबरोबरच ऐकू येते. हा विचार ईशज्ञानात नवा नाही. परंतु तो ग्रंथातून काढून रडणाऱ्या बाईच्या तोंडी इतक्या साधेपणाने घालणे हे कवीचे काम आहे. ग्रीक पुराणातील युरिडिसी ही मृतांच्या लोकी गेलेली पत्नी. ऑर्फियस तिला परत आणताना मागे वळून पाहतो आणि तिला कायमची गमावतो. हॉपकिन्स या कथेचा कवितेत उल्लेख करीत नाहीत. पण त्या नावाच्या जहाजावर लिहिलेल्या या कवितेत मागे वळून पाहणे हीच प्रार्थना होते, आणि मागे पाहिल्याने माणूस हरवत नाही, कदाचित सापडतो, हे आम्हांला लक्षणीय वाटते.

अखेरच्या कडव्यात कवी पुन्हा सावध होतो. नरकातून सुटका असते असे मी म्हणत नाही, तो बजावतो. पण जे आत्मे ‘दिसायला’ बुडाले आहेत, त्यांच्यासाठी न्यायाच्या दिवसापर्यंत प्रार्थना नवी करुणा आणीत राहील. या एका ‘दिसायला’मध्ये सगळे आले. काही कडव्यांपूर्वी हाच कवी त्या सर्वांना नाश पावलेले म्हणत होता. आता तो म्हणतो, बुडालेले ‘दिसतात’. मधल्या ओळींत त्याने ईशज्ञान बदललेले नाही. त्याने फक्त एका आईला गुडघे टेकताना पाहिले आहे. पाण्याखाली अकरा वाव खोल काय घडले ते पाहणाऱ्याला दिसत नाही, तसेच मरणाऱ्याच्या अंतःकरणात देव आणि तो यांच्यामध्ये काय बोलणे झाले तेही दिसत नाही. नियम घट्ट धरून ठेवणारा धर्मगुरू आणि माणसावर प्रेम करणारा कवी यांचे भांडण या शब्दात मिटते, आणि दोघांपैकी कोणालाही खोटे ठरावे लागत नाही.

आमच्या धर्मग्रामांत मिश्र विवाहांची घरे आहेत. शेजारी परधर्मीय आहेत, कामावरचे जिवलग सोबती परधर्मीय आहेत. ‘फादर, माझे सासरे आपल्यातले नव्हते, त्यांच्यासाठी मिस्सा ठेवता येईल का?’ असा प्रश्न लोक आम्हांला पुष्कळदा, आवाज खाली करून विचारतात. उत्तर स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९०१ वा नियम सांगतो की धर्मगुरू जिवंत वा मृत अशा कोणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतो. पण नियमाच्या उत्तराने विचारणाऱ्याचे डोळे कोरडे होत नाहीत. त्याला ठाऊक असते की माणूस गेला, वेळ गेली, आता मागून काय उपयोग? या कवितेचे उत्तर त्या प्रश्नाला आहे: वेळ तुमची गेली, देवाची नाही.

‘युरिडिसी’ त्याच वर्षी पाण्यातून वर काढण्यात आली. पण ती इतकी मोडली होती की तिची लाकडे सोडवून टाकण्याखेरीज उपाय उरला नाही. तिची घंटा शँकलिन येथील सेंट पॉल चर्चमध्ये ठेवलेली आहे. ते चर्च अँग्लिकनांचे आहे. वॉल्सिंगहॅमला १८९७ साली, म्हणजे हॉपकिन्स यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, कॅथलिकांची यात्रा पुन्हा सुरू झाली, आणि पूर्वी होते त्याहून अधिक पुढे होईल ही कवितेतील आशा अगदीच वाया गेली नाही. मात्र आज तेथे कॅथलिक आणि अँग्लिकन अशी दोघांचीही तीर्थस्थाने आहेत. ती आशा कवीला वाटली होती त्यापेक्षा रुंद वाटेने पूर्ण होत आहे असे आम्ही समजतो.

या कवितेला थोरलीच्या शेजारी बसवू नये, हे पूर्वसूरींचे मत आम्हांलाही मान्य आहे. तिच्यात कसरत आहे, जहाजाच्या कारणांकडे पाठ आहे, आणि परक्यांविषयीचा तिचा निवाडा आज आपल्याला पेलत नाही. परंतु ज्या घरातून कोणी अचानक गेला आहे, आणि तो गेला तेव्हा कोणत्या अवस्थेत होता या विचाराने ज्यांना झोप येत नाही, त्या घरी यांतील कोणती कविता घेऊन जावी असे कोणी विचारले तर आम्ही निःसंकोचपणे हिचेच नाव घेऊ. तिच्या शेवटच्या चार कडव्यांचा अर्थ आपल्या शब्दांत सांगावा, आणि मग त्या घरच्यांबरोबर गुडघे टेकून जो गेला त्याचे नाव घ्यावे, तो कोणत्याही उंबऱ्यावरचा असो.